परदेशातून पुण्याची नोकरी: व्हिसाच्या आधी कंपनीचं पत्र

प्रश्न: माझं वय ३०, गाव तासगाव तालुक्यात, घरी द्राक्षबाग. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत कायम नोकरी आहे, पगार महिना १ लाख ८५ हजार. २०२१ पासून घरूनच काम करतो. १५ जुलैला भारत सोडला आणि तेव्हापासून थायलंडमध्ये चियांग माईला राहून तेच काम चालू आहे. कंपनीला सांगितलेलं नाही, व्हीपीएन लावतो. आधी ६० दिवसांच्या व्हिसामुक्त प्रवेशावर आलो, ३० दिवस वाढवून घेतले, मग लाओसला जाऊन परत आत आलो. त्या वेळी अधिकाऱ्याने बराच वेळ पासपोर्ट चाळला आणि इथे काय करता विचारलं. मी ‘फिरायला आलोय’ म्हणालो. हा मुक्काम १० डिसेंबरला संपतो. वर्षभर तरी बाहेर राहायचं आहे. कोणता व्हिसा घेऊ? दुबईला गेलो तर टॅक्स वाचेल का? आणि वडील पाडव्याच्या आत दोन एकर बाग माझ्या नावावर करायची म्हणतात, त्यात अडचण येईल का?

उत्तर: तुम्ही पासपोर्टच्या पानाचा फोटो आणि नेमणूकपत्र दोन्ही पाठवलंत, हे फार बरं केलंत. मी आधी नेमणूकपत्र वाचलं. चौथ्या पानावर तळाला एक ओळ आहे: काम भारतातल्या नोंदवलेल्या पत्त्यावरूनच करायचं, ठिकाण बदलायचं तर लेखी परवानगी घ्यायची. त्याखाली तुमची सही आहे. तुमची खरी अडचण इथे आहे, व्हिसा तिच्यानंतर येतो.

कंपन्या ही अट उगाच घालत नाहीत. ग्राहकाची माहिती कोणत्या देशातून उघडायची, यावर त्यांचे ग्राहकाशी करार झालेले असतात. शिवाय कर्मचारी परदेशात बसून काम करू लागला, की त्या देशात आपलं ‘कायम आस्थापन’, म्हणजे कर लागू होणारं कामाचं ठिकाण, झालं असं तिथला करविभाग म्हणेल, ही धास्ती असते. तुम्ही न सांगता गेलात आणि वर व्हीपीएनने जागा लपवलीत. उद्या हे उघडकीला आलं तर कंपनी त्याला नुसता नियमभंग म्हणणार नाही, फसवणूक म्हणेल. नोकरी तर जाईलच, अनुभवपत्रावरही शेरा येऊ शकतो. आणि रिमोट कामाचा कोणताही व्हिसा मागायला गेलात तरी पहिला कागद कंपनीचाच लागतो: हा माणूस आमच्याकडे नोकरीला आहे, पगार इतका आहे आणि परदेशातून काम करायला आमची हरकत नाही. लपवून ठेवलेल्या कंपनीकडून हे पत्र कसं मागणार?

आता तुमच्या सध्याच्या मुक्कामाबद्दल. व्हिसामुक्त प्रवेश हा पर्यटनासाठी असतो. परदेशी माणसाने परवान्याशिवाय काम केलं तर थायलंडच्या कायद्यात ५ हजार ते ५० हजार बात (तिथलं चलन) दंड आहे आणि देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे. कॅफेत लॅपटॉप उघडून बसलेल्याला कोणी उचलून नेत नाही, हे तिथल्या मित्रांनी तुम्हाला सांगितलं असेल. मला काळजी त्याची नाही, सीमेवरच्या खिडकीची आहे. तुमच्या पानावर जवळजवळ लागून दोन प्रवेशाचे शिक्के आहेत. तिसऱ्या वेळी तो अधिकारी तुम्हाला आत घ्यायला बांधील नाही. एकदा प्रवेश नाकारला गेला की पुढे अमेरिका, ब्रिटन, कॅनडाच्या व्हिसा अर्जात ‘कधी प्रवेश नाकारला गेला आहे का’ या प्रश्नापुढे तुम्हाला जन्मभर ‘होय’ लिहावं लागेल. तिशीतल्या, आयटीत काम करणाऱ्या मुलाने स्वतःच्या पासपोर्टवर हा डाग लावून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून १० डिसेंबरच्या आत परत या. परत लाओसची चक्कर मारू नका आणि एक दिवससुद्धा जास्त राहू नका. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बात दंड आहे, जास्तीत जास्त २० हजारांपर्यंत. पैशापेक्षा ती नोंद वाईट.

घरी आल्यावर कंपनीला लिहा. मेलमध्ये गेल्या महिन्यांचं लपवू नका, पण पाल्हाळही नको. २०२१ पासून घरून काम करतो आहे, आता अमुक देशातून अमुक काळ काम करायची इच्छा आहे, त्यासाठी तिथला रीतसर व्हिसा घेईन, परवानगी द्यावी. मधल्या काळात न विचारता बाहेर राहिलो ही चूक झाली, हे एका वाक्यात मान्य करा. पाठवण्याआधी मसुदा मला दाखवा. कंपनी नाही म्हणू शकते, हे मनाशी धरून चला. तसं झालं तर करारावर, म्हणजे फ्रीलान्स पद्धतीने, काम करायचा मार्ग उरतो. मात्र त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कायम नोकरीचं संरक्षण सोडावं लागतं.

पत्र हातात आलं असं धरू. तुमच्या पगाराला कोणता देश बसतो? थायलंडचाच ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ मला तुमच्यासाठी सगळ्यात सरळ दिसतो. तो जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. मुदत पाच वर्षं, कितीही वेळा ये-जा करता येते, दर खेपेला १८० दिवस राहता येतं आणि ते एकदा आणखी वाढवून मागता येतात. यात मासिक पगाराची अट नाही, पण खात्यात ५ लाख बात दाखवावे लागतात, म्हणजे साधारण चौदा लाख रुपये. अर्ज थायलंडच्या बाहेर असतानाच करावा लागतो, म्हणून तिथे बसून हा घोळ मिटणार नाही. थाई कंपनीचं काम या व्हिसावर चालत नाही, पुण्याचं चालतं. अर्जात आधीच्या मुक्कामाबद्दल काही खोटं भरू नका, तारखा शिक्क्यांवर आहेतच.

दुसरा पर्याय मलेशियाचा ‘डी रांताऊ’ पास. तंत्रज्ञान क्षेत्रातल्यांना वर्षाला २४ हजार डॉलर उत्पन्न लागतं. तुमचे वर्षाचे बावीस लाख त्या रेषेच्या अगदी काठावर बसतात, रुपया घसरला तर खाली जातील. पास ३ ते १२ महिन्यांचा असतो, पुढे वाढवता येतो. दुबईचं मन मात्र काढून टाका. तिथल्या रिमोट व्हिसाला महिना ३,५०० डॉलर दाखवावे लागतात, ते तीन लाखांच्या घरात जातात. इंडोनेशियाला वर्षाला ६० हजार डॉलर हवेत. स्पेन तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट मागतो, पोर्तुगाल चौपट. जपानचा डिजिटल नोमॅड (म्हणजे फिरत रिमोट काम करणाऱ्यांचा) व्हिसा भारतीय पासपोर्टला मिळतच नाही.

‘परदेशी गेलं की टॅक्स माफ’ हा समज मी रोज ऐकते. तुमचं गणित मांडून बघा. १ एप्रिल ते १५ जुलै तुम्ही इथेच होतात, म्हणजे शंभरावर दिवस. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात काढले असतील तर तुम्ही कराच्या दृष्टीने रहिवासी ठरता. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही हे दिवस तसेच ठेवले आहेत. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे खरी, पण पर्यटक म्हणून गेलेल्याने ‘मी नोकरीसाठी गेलो’ असं सांगितलं तर ते टिकवणं अवघड. तेव्हा यंदाचा कर इथेच भरायचा. पुढल्या वर्षी अनिवासी झालात तरी पगार सांगलीच्या खात्यात जमा होतो तोवर तो भारतात मिळालेलं उत्पन्न म्हणून धरला जाऊ शकतो. उलट थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तिथले कर-रहिवासी व्हाल आणि तिथे आणलेल्या पैशावर तिथला कर लागू शकतो. दोन्हीकडे भरायची वेळ आली तर भारत-थायलंड करार आहे, पण त्याचा आधार घ्यायला तिथल्या करविभागाचा रहिवास दाखला लागतो. दुबईचंही ऐका: ज्याला कोणत्याच देशात कर लागत नाही आणि परदेशी स्रोत वगळून ज्याचं उत्पन्न १५ लाखांवर आहे, अशा भारतीय नागरिकाला आपला कायदा रहिवासीच मानतो.

आता बागेचं, कारण याला उशीर चालणार नाही. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांच्या कायद्यात, ‘अनिवासी’ कोण, याचं मोजमाप प्राप्तिकरासारखं नुसत्या दिवसांचं नाही. कामासाठी किंवा किती काळ ते ठरवता येणार नाही अशा मुक्कामासाठी देश सोडलात की तुम्ही अनिवासी ठरू शकता. आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते, आणि इथे राहत असताना आधीच घेतलेली जमीन ठेवता येते. पाच वर्षांचा व्हिसा घेऊन गेलात आणि मग वडिलांनी बक्षीसपत्र केलं, तर तो दस्त पुढे वादात सापडेल. म्हणून क्रम असा ठेवा: आधी परत येणं, मग बक्षीसपत्र, व्हिसाचा अर्ज त्यानंतर.

मुलाला दिलेल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला आपल्याकडे २०० रुपये मुद्रांक लागतो, स्थानिक अधिभार वेगळा. पण त्याआधी एक गोष्ट वडिलांना स्पष्ट विचारा: ही दोन एकर त्यांनी स्वतः खरेदी केलेली आहे, की आजोबांकडून आलेली? वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही जन्मतः हक्क आहे आणि वडील ती परस्पर एकट्या मुलाला देऊ शकत नाहीत. बहिणी असतील तर त्यांच्याशी आधी बोला, आणि दिवाळीत जेवायला आल्या असताना घाईत कुठे सही मागू नका. घेतली तर नीट समजावून, त्यांचा वाटा काय ते सांगून घ्या.

तिकीट काढल्यावर मला तारीख कळवा. तोवर वडिलांना त्या गटाचा सातबारा, आठ-अ आणि जमीन त्यांच्या नावावर कशी आली तो जुना फेरफार काढून ठेवायला सांगा. जुने फेरफार शोधायला तहसीलला वेळ जातो, आणि बाग आता छाटणीनंतरच्या कामात असेल तेव्हा त्यांना एका दिवसात जमायचं नाही.