ग्रीन झोनमधली भावकीची बारा एकर जमीन यलो झोन करून घ्यावी का? गावात घरं, दुकानं, धंदा येईल का?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: महामार्ग गावाजवळून गेलाय, भावकीची मिळून बारा एकर प्रादेशिक योजनेत (कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा सरकारी आराखडा) शेती विभागात, म्हणजे ग्रीन झोनमध्ये दाखवली आहे, ती निवासी, म्हणजे यलो करायची आहे, आणि "झोन बदलून देतो" म्हणणारा एजंट दारात उभा आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी लेआउटचे, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडायचे नकाशे करतो, म्हणून असे एजंट माझ्याकडेही येतात. त्याला आगाऊ पैसे देऊ नका. निदान पुढचं वाचून होईपर्यंत तरी.

झोन आणि एनए (जमीन अकृषिक करणं) ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एजंट ती मुद्दाम एकत्र बांधून विकतात. एनए हा महसूलचा विषय, तो जमीन महसूल संहितेखाली येतो. झोन ठरतो 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली, नगरविकास खात्याकडून. प्रादेशिक योजनेतला झोन कलम 20 खाली बदलतो. जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाचा अहवाल, वरिष्ठ कार्यालयांचा अभिप्राय, मंत्रालय, राजपत्रात सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी अधिमूल्य (प्रीमियम) भरायच्या अटीवर मंजुरी, असा हा रस्ता आहे. तलाठी, तहसीलदार किंवा सरपंच यातलं काहीही करू शकत नाही. ग्रामपंचायतीने नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत घर लावलं म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली असंही नाही. अशा नोंदीवर गुंठा-गुंठा प्लॉट घेतलेली माणसं पुढे बँकेच्या कर्जासाठी माझ्याकडे येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात.

आता खरा प्रश्न: तुम्हाला झोन बदलायची गरज आहे का?

आधी गावठाणाच्या हद्दीपासून अंतर मोजून घ्या. 200 मीटरच्या आत जे गट येतात त्यांना ठरलेली देणी भरून निवासी अकृषिक वापर मिळू शकतो. त्याच्यापुढेही ठराविक अंतरापर्यंत, अधिमूल्य भरून निवासी वापराला वाव आहे. ते डिसेंबर 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत (सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात) वाचायला मिळेल. म्हणजे बारापैकी दोन-तीन एकर कदाचित मंत्रालयाची पायरी न चढताच सुटतील.

आणि धंद्याचं म्हणाल, तर शेती विभागात काहीच चालत नाही हा गैरसमज आहे. शेतमालाचं गोदाम, शीतगृह, कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय, पेट्रोल पंप, महामार्गावरचं हॉटेल, शाळा, हे सगळं अटींसह त्या विभागात बसतं. महामार्गालगतच्या गावात रोजगार मला तरी यातूनच आलेला दिसतो. दुकानांचे गाळे बांधून ठेवले आणि गिऱ्हाईक आलंच नाही, अशी उदाहरणं मात्र तुमच्याच तालुक्यात दोन-चार सापडतील. शिवाय महामार्गाला जमीन चिकटून आहे म्हणून थेट गाडी आत वळवता येत नाही. पोच घ्यायला महामार्गाच्या यंत्रणेची वेगळी परवानगी लागते.

तरीही समजा सगळी बारा एकर यलो झाली. रस्ते, दहा टक्के खुली जागा आणि सुविधा क्षेत्र वजा जाता एकरामागे पंचवीसेक गुंठे विकण्याजोगे उरतात. म्हणजे तीनशे गुंठे, दोन-दोन गुंठ्यांचे दीडशे प्लॉट. घरटी साडेचार माणसं धरली तर पावणेसातशे लोक. गावची नळयोजना जल जीवन मिशनमधली असेल तर ती माणशी रोज 55 लिटरच्या हिशोबाने आखलेली असते, आणि त्या हिशोबानेसुद्धा तुमच्या लेआउटला रोज 37 हजार लिटर लागेल. मार्चनंतर गावाची विहीर किती देते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पाण्याचा स्रोत दाखवता येत नसेल तर झोन बदलून नुसता भाव वाढतो. बाहेरचा माणूस प्लॉट घेतो, तारेचं कुंपण घालतो, आत बाभळी उगवतात. गावात ना घर येतं, ना गिऱ्हाईक.

पोचरस्त्याचंही तसंच. सरकारी नकाशावर पाणंद आहे म्हणून लेआउट मंजूर होत नाही, नियमात बसेल एवढ्या रुंदीचा रस्ता दाखवावा लागतो. त्यासाठी शेजारच्या गटाची जागा लागली की तिथे पिढ्या जातात!

कालव्याच्या लाभक्षेत्रातली बागायत असेल तर मी तुम्हाला झोनबदलाचा सल्ला देणारच नाही. एक तर जलसंपदा खात्याचा अभिप्राय आडवा येतो, आणि दुसरं म्हणजे भिजणारी काळी जमीन प्लॉटखाली घालणं मला पटत नाही. माळरानाचे गट वेगळे काढून त्यांचाच विचार करा.

एजंट आगाऊ पैसे मागत नसेल तर त्याचा प्रस्ताव बहुतेक असा असेल की आता विसार घ्या, झोन झाला की उरलेले. यात झोनबदलाने वाढलेली किंमत जवळजवळ सगळी त्याच्या खिशात जाते. हडपसरच्या मगर मंडळींनी वेगळं केलं होतं. सुमारे 400 एकर एकत्र आणून स्वतःची कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा, आणि मगरपट्टा सिटी उभी राहिली. ते पुण्याच्या वेशीवर होतं, तुमच्या गावात आयटी पार्क येणार नाही हे मान्य. पण जमीन न विकता हिश्शाने उतरायचं तत्त्व बारा एकरालाही लागू पडतं.

त्यासाठी मात्र सात-बारा आधी स्वच्छ हवा. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), इनाम किंवा वतनाची नोंद आहे का, कुळकायद्याने मिळालेली जमीन आहे का, बहिणींची नावं वारसात लागली आहेत का, जुने फेरफार काढून बघा. बहिणींच्या सह्या शेवटी घेऊ म्हणणाऱ्यांची प्रकरणं कोर्टात पडून राहिलेली मी पाहिली आहेत.

सुरुवात स्वस्तात होते. जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात गटनंबर घालून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका. हे कागद हातात आले की गावठाणापासूनचं अंतर, पोचरस्त्याची रुंदी आणि जमीन वर्ग 1 की 2 एवढं इथे खाली लिहा. कुठला गट कुठल्या वाटेने जाईल ते मी सांगतो.