शंकासमाधान : तृतीया दिसली की करणच का?

प्रश्न : नववीतल्या मुलीच्या संस्कृत चाचणीत ‘रामेण बाणेन हतो वाली’ हे वाक्य होतं. तिने ‘रामेण’ आणि ‘बाणेन’ दोन्हींपुढे ‘करण’ लिहिलं आणि एक मार्क गेला. वर्गात तर ‘तृतीया म्हणजे करण’ असा तक्ताच पाठ करून घेतला होता. मग चूक कोणाची? – एक पालक, सांगली

उत्तर : मार्क गेला तो योग्यच गेला; दोष तक्त्याचा. प्रथमा–कर्ता, द्वितीया–कर्म, तृतीया–करण ही जोडी लावणारा तक्ता मराठी व्याकरणाच्या पुस्तकांतही असतो. पोरांना तो पटकन पाठ होतो, म्हणून टिकून आहे. शिकवायला लागलो तेव्हापासून माझा त्याच्यावर राग आहे.

संस्कृतचं व्याकरण सूत्रांत बांधणाऱ्या पाणिनीने कारकं (क्रियेतल्या भूमिका) आणि विभक्ती (नामाला लागणारे प्रत्यय) एका जागी ठेवलेल्याच नाहीत. कारकं त्याच्या अष्टाध्यायी या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, विभक्ती दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात. पहिल्या ठिकाणी प्रश्न एवढाच, की क्रिया घडण्यात कोणाचा वाटा काय? आपल्या मुखत्यारीने वागतो तो कर्ता (स्वतन्त्रः कर्ता). क्रिया तडीस नेण्यात सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं ते करण (साधकतमं करणम्). इथे प्रथमा-तृतीयेचा विषयही निघत नाही.

विभक्तीच्या पादाची सुरुवात एका शब्दाच्या सूत्राने होते : अनभिहिते. म्हणजे, दुसऱ्या कोणी आधीच सांगून टाकलेलं नसेल तरच पुढच्या विभक्ती लावा. ‘रामः वालिनं हन्ति’ (राम वालीला मारतो) म्हटलं की ‘हन्ति’तल्या ‘ति’ने कर्ता सांगून टाकला. रामाला नुसती प्रथमा पुरते. ‘हतः’मधला प्रत्यय मात्र कर्म, म्हणजे वाली, सांगतो. त्यामुळे वालीला प्रथमा मिळाली आणि कर्ता सांगायचा राहिला. करणही राहिलंच होतं. दोघांची सोय पाणिनीने एकाच सूत्रात लावली : कर्तृकरणयोस्तृतीया, म्हणजे कर्ता आणि करण दोघांनाही तृतीया. मराठीत ‘रामाने बाणाने वालीला मारलं’ म्हणा. ‘ने’ दोनदा आला, पण मारलं कोणी असं मुलीला विचारलंत तर ती बाणाचं नाव घेणार नाही.

तक्त्याची खरी फजिती होते ती षष्ठीपाशी. ‘राज्ञः पुरुषः’ (राजाचा माणूस) यात राजाचं नातं पुरुषाशी आहे, क्रियापदाशी नाही, म्हणून संबंध हे कारक नव्हे आणि कारकं सहाच. इतपत शाळेत सांगतात. पण ‘जगतः कर्ता कृष्णः’ (कृष्ण जगाचा कर्ता) घ्या. इथे जगत् हे ‘करणे’ या क्रियेचं सरळसरळ कर्म आहे, आणि विभक्ती षष्ठी! कृदन्ताशी, म्हणजे धातूपासून बनलेल्या ‘कर्ता’सारख्या शब्दाशी, आलेल्या कर्त्याला आणि कर्मालाही (वरच्या ‘हतः’सारखे अपवाद सोडून) षष्ठी लागते, असं पाणिनीचं स्वतंत्र सूत्र आहे. ‘शिक्षकांचा निषेध’ हा मथळा वाचून शिक्षकांनी निषेध केला की शिक्षकांचा कोणी केला हे खालची बातमी वाचल्याशिवाय कळत नाही, ते याचमुळे. ‘चा’ एकच, पोटात कर्ताही बसतो आणि कर्मही.

मुलीला एवढंच सांगा : आधी क्रियापद गाठ, त्याला ‘कोणी, काय, कशाने’ विचार, प्रत्यय मग बघ.

प्रश्न : ‘ध्रुवमपायेऽपादानम्’ या सूत्रात दूर होताना जे ध्रुव (स्थिर) राहतं ते अपादान, असं म्हटलंय. ‘धावतोऽश्वात् पतति’ (धावत्या घोड्यावरून पडतो) यात घोडा तर पळतोय. तो ध्रुव कसा? – संस्कृतच्या पदवी वर्गातला विद्यार्थी, पुणे

उत्तर : ही शंका पाणिनीच्या सूत्रांवर महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलीच्याही आधीची आहे, महाभाष्यात बुजलेल्या घोड्यावरून पडलेला, धावत्या रथातून पडलेला आणि चालत्या तांड्यातून मागे राहिलेला असे तिघेही भेटतात. ध्रुव म्हणजे जमिनीत रोवलेलं असं समजू नका. ‘पडणे’ या क्रियेपुरती हद्द कोणती, एवढंच पाहायचं. घोडा धावतो ती क्रिया वेगळी, तिचा तो कर्ता. स्वार पडतो त्या क्रियेत घोडा केवळ हद्द. पुढच्या काळातला वैयाकरण भर्तृहरी, त्याने तर एकमेकांपासून मागे सरणारे दोन मेंढे आणून उभे केले. प्रत्येक मेंढा स्वतःच्या सरकण्याचा कर्ता आणि दुसऱ्याच्या सरकण्याचं अपादान! त्या दोन मेंढ्यांवर माझा फार जीव आहे.

आता यापुढचं. एकच वस्तू दोन कारकांत बसू लागली तर? ‘धनुषा विध्यति’ (धनुष्याने वेध घेतो) पाहा. बाण धनुष्यापासून सुटतो, म्हणजे धनुष्य अपादान. वेध त्याच्याच साहाय्याने होतो, म्हणजे करणही. पाणिनीने या प्रकरणात एका वस्तूला एकच संज्ञा असा नियम घातला आणि भांडण झालं तर नंतरच्या सूत्राचं ऐकायचं ठरवलं. म्हणून अपादान सगळ्यांत आधी आणि कर्ता सगळ्यांत शेवटी. करण अपादानानंतर येतं, तेव्हा तृतीया जिंकते. आणि ‘धनुर्विध्यति’ म्हणायचं ठरवलंत तर धनुष्यच कर्ता. आपणही ‘ही सुरी छान कापते’ म्हणतोच की. सुरी तीच, तिला कोणत्या खुर्चीवर बसवायचं ते बोलणाऱ्याने ठरवायचं. यालाच वैयाकरण विवक्षा म्हणतात.

विवक्षेला मोकळं रान नाही, हेही ध्यानात असू द्या. ‘चोराद् बिभेति’ (चोराला भितो) याला पंचमी, म्हणजे अपादानाची विभक्ती, हवी म्हणून पाणिनीने भयाच्या कारणाला अपादान ठरवणारं वेगळं सूत्र केलं. पतंजली म्हणतो, कशाला? घाबरलेला माणूस मनाने चोरापर्यंत जाऊन माघारी फिरतो, तेव्हा दूर होणं झालंच. मला पतंजलीचा युक्तिवाद देखणा वाटतो, पण परीक्षेत पाणिनीचं सूत्रच लिहा. मराठीच्या कानावर विसंबून मात्र राहू नका; आपण चोराला भितो.

प्रश्न : हे सगळं मुळातून वाचायचं तर कुठून सुरुवात करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘कारके’ या सूत्रापासून (१.४.२३) १.४.५५पर्यंत अवघी ३३ सूत्रं आहेत. ती पाठ करा. मग सिद्धान्तकौमुदी या पाणिनीची सूत्रं विषयवार लावणाऱ्या ग्रंथातलं कारकप्रकरण घ्या, वरची बरीच उदाहरणं तिथे मिळतील. महाभाष्य मराठीतून वाचायचं तर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचं भाषांतर आहे. एखाद्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करा.