देशगीतांचा अल्बम आणि कोकणातली हवा: वाचकांचे प्रश्न

देशभक्तिपर आणि स्फूर्तिगीतांचा अल्बम स्वतःच काढायचा आहे, अशी पत्रं गेल्या दोन अंकांनंतर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांकडून आली. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

देवगड: आमच्या भजन मंडळाला आठ गाण्यांचा अल्बम १५ ऑगस्टला आणायचा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सगळे मोकळे असतात. जुलैत रेकॉर्डिंग केलं तर?

माणसं मोकळी असतील, पण वाद्यं साथ देणार नाहीत. पावसाळी हवेत पखवाजाची पुडी (चामड्याचं तोंड) सैल पडते आणि सूर उतरतो. गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून चढवला, तरी दोन गाण्यांत पुन्हा खाली येतो. पेटीचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. कौलांवर पाऊस सुरू झाला की त्याचा आवाज रेकॉर्डिंगमधून पूर्णपणे काढून टाकणं कठीण. शिवाय जुलैत रेकॉर्डिंग म्हणजे मिक्सिंगला (वेगवेगळे भरलेले आवाज एकत्र जुळवायला) वेळच उरत नाही, कारण वितरकाकडे, म्हणजे गाणी ऑनलाइन पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, ती महिनाभर आधी गेलेली बरी.

म्हणून उलटीकडून मोजा. तयार गाणी १५ जुलैच्या सुमारास वितरकाकडे, जून महिना मिक्सिंगला, आणि रेकॉर्डिंग मे महिन्यात, मृगाच्या आधी. मुंबईची मंडळीही तेव्हाच गावात असतात. समुद्रावर जाणाऱ्यांना चार रात्री काढून ठेवायला आत्ताच सांगा. मार्चअखेर गाणी, चाली आणि पट्टी पक्की करा. एप्रिलमध्ये फक्त पेटी आणि मुख्य आवाज मोबाइलवर भरून प्रत्येकाला पाठवा, म्हणजे कोरसवाले पाठ करून येतील. मे महिन्यातला त्रास वेगळा: लग्नं, पूजा आणि त्यांचे लाउडस्पीकर. रात्री दहानंतर बसा.

हिशेब असा धरा: ताल आणि पेटी दिवसाला दोन गाणी, म्हणजे चार दिवस. मुख्य आवाज दिवसाला एकच गाणं आणि तेही तीन तासांच्या आत, कारण त्यानंतर गळा बसतो आणि शेवटच्या कडव्यातला ताण ऐकणाऱ्याला कळतो. कोरस दोन दिवस. आठ गाण्यांना दोन आठवडे सहज जातात. आमचं मत विचाराल तर सहाच गाणी घ्या. सलग आठ वेळा जोश चढवला की पाचव्या गाण्यापासून कोणी मनापासून ऐकत नाही.

राजापूर: घर जांभ्या चिऱ्याचं, वर कौलं. माळघरात पखवाज, झांज आणि पेटी एकत्र भरली तर सगळं गढूळ येतं. दोन माइक आणि लॅपटॉप आहे.

गढूळपणाचं कारण बहुतेक वेळा झांज असते. तिचा आवाज इतका तीक्ष्ण असतो की ती पेटीच्या आणि गायकाच्याही माइकमध्ये शिरते. मग मिक्सिंगमध्ये गायकाचा आवाज वाढवला की झांजही वाढते. झांज आणि टाळ सगळ्यांत शेवटी, स्वतंत्र भरा. वाजवणाऱ्याच्या कानाला हेडफोन, माइक दीड मीटर दूर, आणि जरा बाजूला वळवलेला.

पखवाज आधी भरा, दोन्ही माइक त्यालाच द्या. उजवीकडे शाईच्या तोंडापासून साधारण वीतभर, मधोमध न रोखता कडेकडे वळवलेला. डावीकडे धुमाच्या (जाड, खालच्या आवाजाच्या) बाजूला तेवढाच दूर, साधा डायनॅमिक माइक चालतो. दोन्ही एकत्र ऐकल्यावर धुमाचा भरदारपणा गेला असं वाटलं, तर एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून पाहा. दोन माइकमध्ये आवाज उलट-सुलट पोहोचून खालचे सूर एकमेकांना खातात, एवढंच घडलेलं असतं. डाव्या तोंडावर लावलेल्या कणकेकडेही लक्ष असू द्या. अर्ध्या-पाऊण तासात ती सुकते, वजन कमी होतं आणि डावीचा सूर चढतो. ओल्या फडक्याने झाकून ठेवलेला कणकेचा गोळा हाताशी ठेवा आणि प्रत्येक गाण्याआधी पेटीच्या सा शी जुळवून घ्या.

खोलीचं काम स्वस्तात होतं. गुळगुळीत गिलावा केलेल्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये टाळी वाजवून पाहा. टण्ण असा फडफडता आवाज परतला तर त्यातल्या एका भिंतीवर जाड गोधड्या टांगा, दुसऱ्या भिंतीशी गाद्या उभ्या करा. गायकाने खोलीच्या मधोमध उभं राहू नये, कोपऱ्यातही नको. लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, गोधडीकडे पाठ करून उभं राहावं. म्हणजे माइकच्या तोंडासमोर गोधडी येते, उघडी भिंत येत नाही. पंखा प्रत्येक टेकला (गाणं भरण्याच्या प्रत्येक खेपेला) बंद. गरम होतं, इलाज नाही.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा. इन्व्हर्टरवर किंवा अर्थिंग कच्चं असलेल्या घरात चार्जर लावला की ५० हर्ट्झची घरघर येते. मे महिन्यात जमीन कोरडी पडलेली असते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालणं हा जुना उपाय आजही लागू पडतो. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत जोरात गाताना मीटर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, तेव्हा दुसऱ्या डिस्कवर प्रत रोजच्या रोज घ्या.

आणि कंडेन्सर (जास्त संवेदनशील, नाजूक) माइक वापरत असाल तर तो झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. किनाऱ्यावरची दमट, खारट हवा कॅप्सूलवर (माइकच्या आतल्या आवाज टिपणाऱ्या भागावर) बसली की चरचर, तडतड येऊ लागते आणि माणसं केबल बदलत बसतात. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तापवून पुन्हा निळं करून घ्यायचं.

सावंतवाडी: मी गिटारवर गातो. अमेरिकेतले कंट्री (तिथल्या ग्रामीण वळणाच्या संगीतातले) गायक देशगीतं आणि स्फूर्तिगीतं एकाच अल्बममध्ये गातात, तशी मांडणी मराठीत करायची आहे. पेटी-पखवाजाबरोबर जमेल का?

जमेल. त्या अल्बमांतली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे गडबड कमी असते. एक आवाज, एक गिटार, मागे स्टील गिटार किंवा फिडल (व्हायोलिन), आणि देशगीतांच्या शेजारी चर्चमधली भजनं. कित्येकदा मधलं कडवं गायचं नसतं, नुसतं बोलायचं असतं. कीर्तन आणि शाहिरी ऐकलेल्या कानाला हे अजिबात परकं नाही. बोलण्याच्या भागात ताल थांबवा किंवा सहा ते आठ डेसिबल खाली घ्या. बोलताना आवाज नाटकी केला की सगळं फसतं. समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलावं तसं बोला.

स्टील गिटारच्या जागी आपल्याकडची हवाईयन गिटार चालते, ती त्याच कुळातली. तिने ओळींच्या मधल्या जागा भराव्यात, शब्दांखाली घसरू नये.

आता सुरांचं. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झवर, म्हणजे आजच्या प्रमाण सुरावर, नसतात. ट्यूनर ॲप उघडा, पेटीची पांढरी सहा (पाश्चात्त्य ए) वाजवा. ४४३ दाखवलं तर ॲपची पायाभूत संख्या ४४३ करून गिटार त्यावर लावा. पेटी हलवता येत नाही, गिटार येते. पांढरी एकच्या आकारांनी वाजवून कॅपो (गिटारच्या मानेवर बसवायचा चिमटा) पहिल्या पडद्यावर लावला की काळी एक मिळते.

कंट्रीतली आवडती युक्ती म्हणजे शेवटचं कडवं अर्ध्या सुराने चढवणं. गिटारला कॅपो सरकवला की झालं, पेटीवालाही पट्टी बदलेल, पण पखवाज जुन्याच सा वर राहतो आणि तिथेच बेसूर वाटतं. शेवटचं कडवं वेगळं टेक म्हणून भरा, मधे गट्टे ठोकून पखवाज चढवून घ्या. मंडळात दुसरा पखवाज असेल तर तो आधीच चढवून ठेवा. संगणकात पखवाजाचा ट्रॅक अर्धा सूर वर सरकवता येतो, पण नाद पातळ होतो. हे सगळं जड वाटत असेल तर चढवूच नका. पट्टी चढली नाही म्हणून गाणं पडत नाही.

गुहागर: जुनी देशगीतं घेतली तर परवानगी लागते का? वाचनालयातल्या पुस्तकात छापलेली आहेत, मग ती सगळ्यांचीच ना?

पुस्तकात छापली म्हणून सगळ्यांची होत नाहीत. कवीच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं शब्दांवरचा हक्क चालतो. आपल्याच पट्ट्यातली उदाहरणं घेऊ. मालगुंडचे केशवसुत १९०५ मध्ये गेले, पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये. दोघांचे शब्द मोकळे आहेत. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ ला गेले, म्हणून त्यांच्या कवितांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२६ ला संपतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितांसाठी २०५९ संपेपर्यंत थांबावं लागेल किंवा हक्कधारकांकडे जावं लागेल.

इथे बहुतेक जण अडकतात: शब्द मोकळे असले तरी चाल मोकळी असतेच असं नाही. तुमच्या आमच्या ओठांवर बसलेली चाल एखाद्या संगीतकाराने नंतर बांधलेली असते आणि तिची ६० वर्षं त्या संगीतकाराच्या मृत्यूनंतर सुरू होतात. आणि बाजारातला कराओके ट्रॅक हा तिसरा हक्क, तो ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा. मोकळे शब्द घ्या, चाल स्वतः बांधा, वाद्यं स्वतः वाजवा. कोणाची हरकत येणार नाही.

कव्हरसाठी, म्हणजे आधी निघालेलं गाणं आपल्या आवाजात पुन्हा भरण्यासाठी, कायद्यात वैधानिक परवान्याची सोय आहे, पण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यावी लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं. छोट्या मंडळाला ते परवडत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी हाच सरळ मार्ग.

गावातल्या कवीने लिहून दिलेलं गाणं असेल तरी एक कागद करा. गाण्याचं नाव, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, मानधन किती, दोन सह्या. मुदत लिहिली नाही तर कायद्याने पाच वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ऑनलाइन गाणं तर जगभर जातं. रॉयल्टीतला कवीचा वाटा लिहून घेऊनही काढून घेता येत नाही, हे मंडळाच्या खजिनदाराला आधीच सांगून ठेवा.

दापोली: कोरसमध्ये बारा जण आहेत, जोश भरपूर आहे, पण रेकॉर्डिंगमध्ये आरडाओरडा वाटतो. शब्द कळत नाहीत.

देशगीतातला जोश शब्दांत असतो, आणि नेमके तेच हरवतात. बाराही जण ओळीच्या शेवटचा त किंवा स आपापल्या वेळेला म्हणतात, म्हणून त-त-त असा खडखडाट होतो. दोनच जणांना शेवटची व्यंजनं स्पष्ट म्हणायला सांगा, बाकी दहा जणांनी स्वर धरून ठेवावा आणि व्यंजन गिळावं. पहिल्याच टेकमध्ये फरक ऐकू येतो. माइक दोन-अडीच मीटर लांब, मंडळी अर्धवर्तुळात, खणखणीत आवाजाचे मागे. मिक्समध्ये कोरस मुख्य आवाजापेक्षा पाच-सहा डेसिबल खाली राहू द्या.

दुसरं कारण पट्टी. जोश यावा म्हणून पुरुष मंडळी काळी दोन धरतात आणि तार सप्तकात गंधार लागला की ओरडू लागतात. गाण्यातला सर्वांत वरचा सूर शोधा, तो सलग दहा वेळा न ताणता लागेल ती पट्टी धरा. बहुतेकांची पांढरी एक किंवा काळी एक निघते.

लयही पाहा. भजनाच्या सवयीने ती आपोआप चढते, आणि पुढे झांज स्वतंत्र भरताना ते अंगाशी येतं. लय चढवायचीच असेल तर ठरवून चढवा: ध्रुवपद मिनिटाला ८४ ठोके, दुसरं कडवं ८८, शेवट ९६. क्लिक (लय दाखवणारी टकटक) फक्त पखवाजवाल्याच्या कानात, बंद हेडफोनमधून आणि हळू, नाहीतर टकटक माइकमध्ये उतरते.

अलिबाग: कव्हरवर तिरंगा आणि शिवाजी महाराजांचं चित्र टाकायचं आहे. शेवटी राष्ट्रगीतही घ्यावं म्हणतो.

विक्रीच्या वस्तूवर दोन्ही टाळा. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा १९५० चा कायदा राष्ट्रध्वज आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरू देत नाही. ध्वजावर अल्बमचं नाव छापणं तर १९७१ च्या राष्ट्रसन्मान कायद्यातही बसत नाही. होडी, डोलकाठी, तुळशीवृंदावन किंवा नुसती सुबक अक्षरं चालतील.

राष्ट्रगीत अल्बममध्ये नकोच. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात, त्यात चाल बदलायची नाही की वाढवायचं नाही. आणि अल्बम लोक गाडी चालवताना, भांडी घासताना ऐकतात.

वेंगुर्ला: गाणी अपलोड केली की आमची इतरांपेक्षा हळू आवाजात का वाजतात? ऑनलाइन टाकताना काय काय लागतं?

हळू वाजतात याचा अर्थ बहुधा ती फार दाबून मोठी केलेली आहेत. स्पॉटिफाय आणि यूट्यूब सरासरी उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याचा एकूण मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणतात. तुम्ही उणे ८ वर भरलं की ते सहा डेसिबलने खाली ओढतात. जोर गेलेला असतो, हातात चपटा आवाज उरतो. उणे १४ ते उणे १२ ठेवा, सर्वोच्च टोक उणे १ डेसिबल. गायकाच्या आवाजातलं ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, समुद्राच्या गाजेतली खालची घरघर तिथे साठते. पखवाजाला मात्र हे करू नका, धुमा जाईल.

अपलोडला वेव्ह फाइल, एमपी३ नको. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा वेबसाइट नको, वितरक परत पाठवतात. प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) लागतो, तो बहुतेक वितरक फुकट देतात. गीतकार आणि संगीतकार यांची पूर्ण नावं सगळीकडे एकाच स्पेलिंगने भरा, नाहीतर त्याच माणसाची दोन पानं तयार होतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी, आणि गाणं त्यांच्याकडे पोहोचलेलं असेल तरच ते पान उघडतं.