यवतमाळच्या खेड्यातील मुलांनी पदवीसाठी नागपूरला जावे की पुण्याला?

शाखा कोणती, हे आधी ठरवावे. संगणक किंवा वाहन उद्योगात नोकरी करायची असेल, तर पुणे निःसंशय पुढे आहे. पुण्याजवळच्या हिंजवडी आणि चाकण यांच्या तोडीचा रोजगार नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात अजून उभा राहिलेला नाही, आणि विदर्भाचा माणूस म्हणून हे लिहिताना मला मनापासून वाईट वाटते.

मात्र कायदा, वैद्यक किंवा सर्वसाधारण पदवीसाठी एवढ्या दूर जाण्याचे कारण मला दिसत नाही. नागपूरचे विद्यापीठ 1923 चे, म्हणजे पुणे विद्यापीठापेक्षा जुने आहे. शिवाय उच्च न्यायालयाचे खंडपीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स आणि अभियांत्रिकीची व्हीएनआयटी या संस्था तेथेच आहेत. पुण्याची हवा सौम्य आहे, तर नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. पण आपल्याकडच्या मुलांना ते ऊन नवे नाही.

खरा फरक घरच्या खर्चाचा आणि अंतराचा आहे. नागपूर यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असल्यामुळे कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा घरी कोणी आजारी पडल्यास मुलगा अथवा मुलगी सकाळी निघून दुपारपर्यंत घरी पोहोचते, तर पुण्याहून येण्यात रात्रभराचा प्रवास आणि दिवाळीत खासगी बसचे वाढलेले भाडे सोसावे लागते. ज्या घराचे उत्पन्न कोरडवाहू कपाशी-सोयाबीनवर अवलंबून आहे, त्याने पुण्यातील खोलीभाडे आणि खानावळीचा हिशेब प्रवेश घेण्यापूर्वीच मांडावा आणि शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरावा.