एकाच वेळी दाबलेल्या कळा

प्रश्न : मी पायगेममध्ये (पायथन भाषेत खेळ लिहिण्याच्या संचात) दोन खेळाडूंचा खेळ लिहीत आहे. एकाने कळ दाबून धरलेली असताना दुसऱ्याने आपली कळ दाबली, की पहिल्याचे पात्र थांबते. असे का होते?

उत्तर : आपण हालचाल कळ दाबल्याच्या घटनेच्या (म्हणजे प्रोग्रामला मिळणाऱ्या सूचनेच्या) आपोआप होणाऱ्या पुनरावृत्तीवर सोपवलेली दिसते; ही पुनरावृत्ती शेवटी दाबलेल्या कळेचीच होते, म्हणून आधीच्या कळेचा प्रवाह तुटतो. त्याऐवजी प्रत्येक फ्रेममध्ये (पडद्यावरचे चित्र नव्याने काढताना) घटनांची रांग रिकामी करून ‘गेट प्रेस्ड’ या फंक्शनने सर्व कळांची स्थिती विचारावी आणि प्रत्येक कळेसाठी ‘एल्‌इफ’ (आधीची अट खोटी ठरली तरच तपासली जाणारी अट) नव्हे, तर स्वतंत्र ‘इफ’ लिहावा. उडी किंवा गोळीसाठी मात्र घटनाच योग्य, कारण दोन फ्रेमच्या मध्ये झटकन दाबून सोडलेली कळ स्थिती विचारल्यावर दिसत नाही.

एवढे करूनही काही कळा दाद देत नसतील, तर दोष प्रोग्रामचा नसावा. साध्या कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात आणि एका चौकोनाचे तीन कोपरे दाबले गेले, की चौथाही दाबल्याचा भास होतो. तो टाळण्यासाठी कीबोर्ड तिसरी कळच नाकारतो. शिफ्ट, कंट्रोल यांची जोडणी बहुधा वेगळी असते, त्यामुळे गोळीसाठी त्या वापरून पाहाव्यात. शिवाय खेळाडूंना कळा बदलण्याची सोय अवश्य द्यावी.