इंटरफेरॉन: ‘ग्राहक’ की ‘ग्राही’, आणि चिकटतं की जुळतं?

चोपड्याच्या एका शिक्षिकांनी बारावीच्या टिपणातलं वाक्य पाठवलंय: ‘इंटरफेरॉन पेशीवरील ग्राहकाला चिकटून आत शिरते व विषाणूला अडवते.’ यातला ‘ग्राहक’ बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलंय. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू आल्यावर पेशी इतर पेशींना सावध करायला सोडतात ते प्रथिन, आणि ‘ग्राहक’ म्हणजे तो निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन, इंग्रजीत रिसेप्टर.

ताई, ग्रहण करतो तो ग्राहक, त्यामुळे शब्द चुकीचा नाही. पण जळगावच्या सराफ बाजारात वावरलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईकच उभं राहील. ‘ग्राही’ लिहा. ‘रिसेप्टर’ ठेवलंत तरी चालेल.

मला जास्त खटकतात ती क्रियापदं. ‘शिरते’ आधी काढा. अल्फा आणि बीटा प्रकारच्या इंटरफेरॉनला निरोप द्यायला आत जावं लागत नाही. त्यांचा ग्राही दोन प्रथिनांचा असतो: आयएफएनएआर-१ आणि आयएफएनएआर-२. दुसऱ्याशी पकड घट्ट, पहिल्याशी सैल. इंटरफेरॉनमुळे दोन्ही जवळ येतात, तशी त्यांच्या आतल्या टोकांना धरून असलेली जॅक-१ आणि टीवायके-२ ही विकरं जागी होतात. ती पेशीतल्या स्टॅट-१ आणि स्टॅट-२ या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात, मग ही जोडी आयआरएफ-९ या आणखी एका प्रथिनाला घेऊन केंद्रकात जाते आणि शेकडो जनुकं कामाला लागतात. इंटरफेरॉन नंतर ग्राहीसकट आत ओढलं जातं, पण निरोप तोवर पोचलेला असतो.

म्हणून ‘चिकटते’ अपुरं पडतं. आपल्याकडचं ‘चिटकतं’ही तसंच. मी ‘जुळते’ लिहीन. सांधा जुळतो, लग्न जुळतं. दोन बाजू एकत्र आल्याचं त्यात आपसूक येतं. कोण कोणाशी जुळत नाही, हेही सांगता येतं: गॅमा इंटरफेरॉन या ग्राहीशी जुळत नाही, त्याचा ग्राही वेगळा आहे.

‘अडवते’चं मूळ नावातच आहे. आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी 1957 साली ‘व्यत्यय आणणं’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून ते नाव ठेवलं. प्रत्यक्षात विषाणूची वाढ रोखतात ती त्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं.

रावेर-यावलकडची मुलं केळीवरच्या हरण्या रोगाचं नक्की विचारतील. तोही विषाणूचाच, पण वनस्पतींत इंटरफेरॉन नसतं. वनस्पती विषाणूच्या आरएनएचे तुकडे करून लढतात.

तर वाक्य असं करा: ‘इंटरफेरॉन पेशीवरील ग्राहीच्या दोन्ही भागांशी जुळते आणि त्या संकेताने पेशी विषाणूविरोधी प्रथिने तयार करू लागते.’