भाच्याने पाठवलेली हुडिया पावडर आणि कस्टमची नोटीस

प्रश्न : माझा भाचा जोहान्सबर्गला नोकरी करतो. भूक मंदावते म्हणून त्याने हुडियाच्या पावडरीच्या चार बाटल्या पोस्टाने पाठवल्या. मुंबईत कस्टमने पार्सल अडवलं आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. मी काही मागवलं नव्हतं. दुर्लक्ष केलं तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, चालणार नाही. उत्तर दिलं नाहीत तर अधिकारी एकतर्फी आदेश काढतील.

हुडिया हे आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कलहारी वाळवंटातलं काटेरी, रसाळ झुडूप. शिकारीला लांब जाणारे तिथले आदिवासी सान लोक भूक-तहान मारायला त्याचं खोड चघळत आले. दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेने त्यावर पेटंट मिळवलं, तेही सान लोकांना न विचारता. त्यांना वाटा देणारा करार २००३ मध्ये झाला. औषध कंपनी फायझरने त्याच वर्षी आणि युनिलिव्हर कंपनीने २००८ मध्ये या वनस्पतीचा नाद सोडला, यावरून काय ते समजा! दरम्यान रानातली झुडपं ओरबाडली जाऊ लागली, म्हणून २००५ पासून हुडिया सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे मूळ देशाच्या निर्यात परवान्याशिवाय ती हलवता येत नाही. भेट म्हणून पाठवली तरी सुटका नाही.

अपवाद एकच, आणि तुमची खरी मदार त्यावरच आहे. बोत्सवाना, नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिकेच्या सायटिस प्राधिकरणाशी झालेल्या कराराखाली, नियंत्रित तोडणीतून माल बनवला, असं करार क्रमांकासह लेबलवर छापलेलं असेल, तर तो माल या यादीतून वगळलेला आहे. भाच्याकडून बाटलीच्या लेबलचा स्पष्ट फोटो आणि दुकानाचं बिल आजच मागवा.

लेबल तसं असेल तर तेच उत्तरात मांडा. नसेल तर बाटल्यांसाठी भांडू नका. माल मागवला नव्हता, पैसेही दिले नव्हते, एवढं लिहून समक्ष सुनावणी मागा. भाच्याशी झालेले व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. मात्र त्यात 'पाठव रे' असं तुमचंच वाक्य असेल, तर उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवा. वन्यजीव कायद्यातही सायटिससाठी वेगळं प्रकरण १ एप्रिल २०२३ पासून लागू झालंय, तेव्हा चुकीचं विधान महागात पडेल.

प्रतिबंधित मालाबाबत कस्टम कायद्याच्या कलम ११२ खाली दंड मालाच्या किमतीइतका किंवा पाच हजार रुपये, यांत जास्त असेल तिथपर्यंत होऊ शकतो. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) जाता येतं. उत्तराच्या प्रतीवर पोच घ्या आणि भाच्याला दुसरं पार्सल पाठवू नको म्हणून सांगा.